पिवळ्या लेबलची कॅसेट

आमचे हे आयुष्यभर कशालाही छान म्हणाले नाहीत. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पुरणपोळीला "चालेल" म्हणाले. गीतांजली झाली तेव्हा तिला हातात घेऊन "वजन बरोबर आहे" म्हणाले. मी कौतुकाने सांगत नाहीये. अशा माणसाबरोबर बेचाळीस वर्षं काढणं म्हणजे रोज उठून परीक्षेला बसणं. पण गेल्या वर्षापासून हे सगळ्याला छान म्हणायला लागले, आणि तेव्हापासून माझ्या डोळ्याचं पाणी खळत नाही.

ह्यांचं नाव नंदकुमार. रबाळ्याला औषधांच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. तिथे कच्च्या मालाचं पोतं गेटातून आत आलं की त्यावर पिवळं लेबल लागायचं, म्हणजे तपासणी चालू. पास झालं की हिरवं, नापास झालं की लाल. पिवळं लेबल असेपर्यंत त्या पोत्याला कोणी हात लावायचा नाही, साहेबाच्या बापानेसुद्धा नाही. नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून असा तीनदा घ्यायचा. नोकरी माणसाच्या अंगात मुरते म्हणतात, ह्यांच्या अंगात ती मुरून उरली आणि आमच्या घरभर सांडली. ठाण्याच्या स्टेशनरीच्या दुकानातून ह्यांनी तीन रंगांची गोल लेबलं आणली आणि घरातल्या कॅसेटींना लावायला सुरुवात केली.

कारण ह्यांना नाद एकच, गाणी ऐकायचा. आणि ऐकून नावं ठेवायचा.

नियम ठरलेले होते. अल्बम अख्खा ऐकायचा, दोन्ही बाजू, मधे बोलायचं नाही, चहासुद्धा नंतर. तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा ऐकायचा. दर वेळी पिवळ्या लेबलवर पेनाने एक बरोबरची खूण. तिसऱ्या खुणेनंतर लेबल बदलायचं आणि आतल्या कागदावर एका ओळीचा शेरा लिहायचा. आमच्या ऐरोलीच्या फ्लॅटमधलं हॉलचं कपाट अशा शेऱ्यांनी भरलेलं आहे. संतूर आणि गिटारच्या एका गाजलेल्या जुगलबंदीवर लिहिलंय, "दोघंही सत्तर मिनिटं एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणतायत." लाल. गझलांची एक दुहेरी कॅसेट, जिच्यासाठी माझ्या शाळेतल्या बाया वेड्या झाल्या होत्या, तिच्यावर, "रडणं उत्तम, कारण समजत नाही." तीही लाल. एका परदेशी सॅक्सोफोनवाल्यावर, "ह्याला शेजारी नसावेत." मला वाटलं हेही नापास, तर हिरवं! चार गोऱ्या पोरांचा एक रॉकचा अल्बम आहे, त्याच्या एका बाजूला हिरवं आहे आणि दुसऱ्या बाजूला लाल, शेरा, "मधल्या सुट्टीत प्यायले." जुन्या नाट्यपदांच्या एका संचावर, "गायक देव. हार्मोनियमवाल्याची गाडी सुटत होती." अर्थात लाल. देवाला काही सवलत नव्हती. भक्तिगीतांच्या ढोलकी-रिमिक्सवर तर लिहिलंय, "देव दार लावून घेईल." आणि परवा परवा, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, दिघ्याच्या पोरांनी केलेला एक रॅपचा अल्बम गीतांजलीने मोबाइलवर ऐकवला, तर मी कानात बोटं घालते तोवर हे म्हणाले, "शब्द खरे आहेत. पास." मोबाइलला लेबल कुठे लावणार, म्हणून एका कोऱ्या कागदावर हिरवं लावून तो कागद कपाटात ठेवला.

तर ह्या कपाटात एक कॅसेट नव्हती. माझी.

मी शाळेत संगीत शिकवायचे. त्र्याण्णव साली ठाण्याच्या एका छोट्या कंपनीने माझ्या भावगीतांची कॅसेट काढली, 'निळी पायवाट'. आठ गाणी, बाजूला चार-चार. कव्हरवर माझा फोटो, अंबाड्यात अबोली, आणि चेहऱ्यावर आता लता-आशा काय करणार असा भाव. बत्तीस वर्षं मागे गेलं की माणूस स्वतःवर हसू शकतो. तेव्हा मला हसू येत नव्हतं. तेव्हा मला जगातल्या एकाच माणसाचं मत हवं होतं, आणि तो माणूस समोरच्या खुर्चीत डोळे मिटून, गुडघ्यावर हात ठेवून बसला होता.

दोन्ही बाजू ऐकून झाल्या. ह्यांनी डोळे उघडले, कॅसेट बाहेर काढली, तिला पिवळं लेबल लावलं, त्यावर एक खूण केली.

"उद्या परत ऐकतो."

"परत कशाला?"

"तीनदा ऐकायचं असतं."

"मी काय पॅरासिटामॉलचं पोतं आहे?"

"नियम सगळ्यांना सारखा, जया."

मी ती कॅसेट ह्यांच्या हातातून घेतली आणि बेडरूममधल्या लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवून कुलूप लावलं. बायको तीन महिने घरात रियाज करते, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी हिला ताप येतो, तरी ही जाऊन गाते, हे सगळं बघितलेल्या माणसाला एकदा ऐकून दोन शब्द बोलता येत नाहीत? दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "कॅसेट कुठाय?" मी म्हटलं, "हरवली." ह्यांनी माझ्या कमरेच्या किल्लीकडे बघितलं आणि पेपर उघडला. त्यानंतर ह्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी दिली नाही. दुसरी कॅसेटही मी कधी काढली नाही. कंपनीवाले दोनदा येऊन गेले, मी नाही म्हटलं. लोकांना सांगितलं, शाळा आहे, मुलगी लहान आहे. खरं कारण ते पिवळं लेबल होतं. पिवळं लेबल असलेला माल पुढे जात नाही, हे ह्यांनीच मला शिकवलं होतं.

एक शब्द विचारला असता तर काय झिजले असते मी? पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय माझी जुनी. बत्तीस वर्षं मी त्या एका शेऱ्याची वाट बघत होते आणि बत्तीस वर्षं किल्ली माझ्याच कमरेला होती.

तीन वर्षांपूर्वी हे विसरायला लागले. आधी नावं गेली, मग वार, मग घराचा मजला. वाशीच्या डॉक्टरने मेंदूचे फोटो लाइटसमोर धरून समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "म्युझिक लावत जा घरात. ते सगळ्यात शेवटी जातं." मला बरं वाटलं होतं. मनात म्हटलं, सगळं जाऊ दे, ह्यांची नावं ठेवायची खोड तेवढी राहू दे.

तीच आधी गेली.

मागच्या वर्षी लग्नसराईत ऐरोली गावातून हळदीच्या डीजेचा आवाज यायला लागला. भिंती हादरत होत्या. एरवी हे गॅलरीत जाऊन, ज्याला ऐकू जाणार नाही अशा माणसाला वीस मिनिटं शिव्या घालायचे. त्या दिवशी गॅलरीत उभे राहिले, कठड्यावर बोटांनी ताल धरला आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "छान."

मला वाटलं चेष्टा करतायत.

मग मी एक एक लाल लेबलवाली काढून लावायला लागले. संतूर-गिटार लावली. छान. रडक्या गझला लावल्या. छान. ढोलकीवाला देव लावला. छान, छान. आणि दर वेळी हिरवं लेबल. तीनदा ऐकणं तर सोडाच, पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत. पुढे पुढे कॅसेट संपल्या आणि हिरवी लेबलं उरली, तेव्हा कुकर पास झाला, फ्रिज पास झाला, गीतांजलीच्या लग्नाचा फोटो पास झाला. आमच्या सोसायटीची लिफ्ट आठ दिवस बंद होती, तिच्या दारावरही एक सकाळी हिरवं लेबल दिसलं. सेक्रेटरी वर येऊन मला म्हणाले, "काकू, काकांना जरा सांभाळा, लोक हसतात." मी म्हटलं, "लिफ्ट चालू करा, मग लोक नाही हसणार." दार लावलं आणि आत येऊन रडले.

गीतांजली बेंगळुरूहून फोनवर म्हणाली, "आई, टेन्शन नको घेऊस. बाबा खूश आहेत ना? किती लोक आक्रस्ताळे होतात ह्यात. छान म्हणतायत तर म्हणू देत." तिचंही बरोबर होतं. तिला बाप खूश हवा होता. मला माझा नवरा हवा होता, आणि तो खूश होणाऱ्यांतला नव्हता.

माझं हे दुःख फक्त अब्दुल्लाभाईंना कळलं. अब्दुल्लाभाई मूळचे उरणकडचे. वाशीला त्यांचं कॅसेटचं दुकान होतं, पुढे सीडीचं झालं, मग मोबाइलच्या कव्हरांचं, मग बंद. आता उलव्याला मुलाकडे राहतात. आमच्या कपाटातला निम्मा माल त्यांच्या दुकानातला. पस्तीस वर्षं दर रविवारी चारला येऊन बसायचे आणि सहापर्यंत दोघं भांडायचे. एक कव्वालीची कॅसेट त्यांच्या जिवाची होती. अठ्ठ्याण्णव साली ह्यांनी तिला लाल लावलं, "गाणारे दोन, टाळ्यावाले चौदा. ही टाळ्यांची कॅसेट आहे." तेव्हापासून दर ईदला शिरखुर्म्याच्या डब्याबरोबर अब्दुल्लाभाई ती कॅसेट घेऊन यायचे. "नंदू, अपील हाय. परत ऐक." हे परत ऐकायचे, तीन रविवार, आणि परत लाल. सव्वीस वर्षांत सव्वीस अपिलं फेटाळली गेली. दोघांनाही त्यात जो आनंद व्हायचा तो मला कधी कळला नाही.

ह्या ईदलाही ते आले. डबा माझ्या हातात दिला, कॅसेट लावली. पहिली टाळी वाजली आणि हे म्हणाले, "छान!" खिशातून हिरवं लेबल काढलं, कॅसेटच्या डबीवर लावलं आणि वरून बोट फिरवून नीट बसवलं.

अब्दुल्लाभाई हसले नाहीत. खुर्चीत मागे टेकले आणि ह्यांच्याकडे बघत राहिले. हे आपले शिरखुर्मा खात होते. जाताना दारात चप्पल घालता घालता त्यांनी ते हिरवं लेबल नखाने काढलं.

"भाभी, राग मानू नका. हे असं फुकटचं पास मला नको. लाल असती तर मी आनंदानं घरी घेऊन गेलो असतो."

"मला कळतंय, अब्दुल्लाभाई."

"भांडाया आता कोन नाय उरला मला." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमची कॅसेट लावली का?"

माझा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"आमी दुकानात लावायचो तुमची. मी नंदूला इचारलंसुद्धा एकदा, का रे, कशी हाय वहिनीची? तर म्हनला, टेस्ट पुरी नाय झाली."

"एवढंच?"

"एवढंच. तुमाला ठाऊक हाय ना त्याचं. पन भाभी, लावा आता. एकादा दिवस चांगला जातो ना त्याचा मदीच? त्या दिवशी लावा. थांबू नका."

असा दिवस खरंच यायचा मधूनच. महिन्यातून एखादा, कधी दोन तासांपुरता. मी पहारा देत बसले. रोज सकाळी ह्यांच्या तोंडाकडे बघायचे, आज कोण उठलंय? रोज तोच हसरा पाहुणा उठायचा.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी गीतांजलीने एक अल्बम पाठवला, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, बर्लिनच्या कुठल्या तरी बाईचा, जगभर गाजलेला म्हणे. मी पोहे करत होते. मोबाइल टेबलावर ठेवून लावून दिला आणि कांदा चिरायला घेतला. चार मिनिटं झाली असतील.

"जया, बंद कर ते."

हात थांबला माझा.

"काय झालं?"

"मिक्सरमध्ये खडे घातलेत कोणीतरी. आणि झाकण लावायला विसरलेत." मग चष्म्याच्या वरून बघत, "असलं कोण पाठवतं? गीता? तिला सांग, बाप अजून बहिरा नाही झालेला. लाल दे."

लाल दे! मी लाल लेबल शोधायला गेले आणि सिंकपाशी उभी राहून पदर तोंडात कोंबून रडले. मग तोंड धुतलं, लोखंडी कपाट उघडलं, साड्या जमिनीवर टाकल्या. कॅसेट होती. अबोलीवाली बाई होती. पिवळं लेबल कडेला सुटलं होतं, पण खूण स्पष्ट दिसत होती. मी कॅसेट ह्यांच्यासमोर धरली.

ह्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली. "सापडली का," म्हणाले. बस, एवढंच. टोमणा नाही, हसणं नाही. उठून डेकपाशी गेले, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं, जसं नेहमी पुसायचे तसं, आणि कॅसेट आत घातली. फिती इतकी वर्षं पडून राहिल्या की आतल्या आत चिकटतात म्हणून आधी पुढे पळवली, मग मागे आणली. पोहे गॅसवर करपले, मी जागची हलले नाही.

डोळे मिटून, गुडघ्यावर हात ठेवून हे बसले. माझाच चौतीस वर्षांचा आवाज खोलीत यायला लागला. मी गाणं ऐकतच नव्हते, मी ह्यांच्या बोटांकडे बघत होते. पहिल्या बाजूला बोटं दोनदा हलली. बाजू ह्यांनी स्वतः बदलली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला, जिथे मी वरच्या षड्जावर जाऊन थांबते, तिथे भुवया वर गेल्या. बरं म्हणून गेल्या की वाईट म्हणून, ते कळलं नाही. ह्यांच्या भुवया दोन्हीला सारख्याच जायच्या.

संपलं. ह्यांनी खिशातलं पेन काढलं, सुटलेलं लेबल दाबून बसवलं आणि पहिल्या खुणेशेजारी दुसरी खूण केली.

"मग?" मी म्हटलं.

"त्या तिसऱ्या गाण्यात तू—" असं म्हणून हे थांबले. माझ्याकडे बघितलं. ती नजर माझी ओळखीची होती, अख्खी, शाबूत. "नाही. उद्या. अर्धवट शेरा मी देत नाही."

"आत्ता सांगा ना."

"जया, नियम सगळ्यांना सारखा."

आणि मी म्हटलं, "बरं. उद्या."

हे माझं पाप. दुसऱ्या कुणी बाईने त्यांचे पाय धरले असते, म्हणाली असती, घाला तुमचा नियम चुलीत. मीही म्हणू शकले असते. पण त्या क्षणी तो माणूस इतका पुरता तोच होता, तोच हट्टी, तोच रागीट, तोच माझा, की त्याचा नियम मोडवून त्याच्याकडून मत काढून घेणं मला जमलं नाही. नियम मोडला असता तर शेरा ह्यांचा राहिला नसता. आणि बत्तीस वर्षं थांबले, एका दिवसाने काय होतं, असंही वाटलं. मी शहाणी. दुपारी आम्ही दोघांनी मुगाची खिचडी खाल्ली. ह्यांनी मीठ कमी असल्याचं सांगितलं. मी अब्दुल्लाभाईंना फोन करून सांगितलं, "उद्या तिसरी खूण." ते म्हणाले, "मुबारक, भाभी." सोनाराकडे दागिना करायला टाकावा तसा मी तो उद्याचा दिवस मनात घोळवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना एकशे तीन ताप होता. लघवीतलं इन्फेक्शन, डॉक्टर म्हणाले. या आजारातल्या माणसाला असं इन्फेक्शन म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. नऊ दिवस हॉस्पिटल. तिथे हे नर्सना छान म्हणाले, सलाइनला छान म्हणाले, शेजारच्या कॉटवरचा म्हातारा वेदनेने ओरडत होता त्यालाही छान म्हणाले. घरी आणलं तेव्हा मी गेटपासून चौथ्या मजल्यापर्यंत ह्यांच्या डोळ्यांत शोधत होते. कोणी नव्हतं.

तरी मी थांबले. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. रोज सकाळी चहा देताना मुद्दाम साखर घालायचे नाही, एक दिवस तरी तोंड वाकडं करतील. "छान." रोज तो बर्लिनवाल्या बाईचा मिक्सर लावायचे. "छान." अब्दुल्लाभाई रविवारी यायचे, चारला यायचे आणि साडेचारला जायचे. एकदा म्हणाले, "भाभी, आता नका वाट बघू. तुमाला तरास व्हतो." मी म्हटलं, दोन खुणा झाल्यात, एक राहिलीये. तिसऱ्या गाण्यात मी काय केलं ते मला हवंय. चांगलं असो, वाईट असो. मी किती वेळा ते गाणं एकटी ऐकलं असेन. कधी वाटतं षड्ज कणसूर आहे, केसभर उतरलाय. कधी वाटतं श्वास चुकीच्या जागी घेतलाय. कधी वाटतं, नाही, तिथे काहीतरी झालंय, जे मला पुन्हा कधी जमलं नाही. मी चाळीस वर्षं मुलांना सूर शिकवले आणि मला माझा सूर कळत नाही.

शेवटी काल, दुपारी जेवण झाल्यावर, मी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि कॅसेट हातात दिली. ह्यांनी लगेच खिसा चाचपला आणि हिरवं लेबल काढलं.

"आधी ऐकायचं," मी म्हटलं.

"छान आहे."

"ऐकल्याशिवाय नाही. तिसरी वेळ आहे. तुमचाच नियम."

हे खुर्चीत सरळ बसले. हात गुडघ्यावर होता, पण डोळे उघडे होते आणि ते सारखे माझ्याकडे येत होते. मी डेक लावला. पहिली बाजू झाली, मीच बदलली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आलं, षड्ज आला, गेला. ह्यांच्या भुवया हलल्या नाहीत. मी तिथेच टेप थांबवला.

"काय होतं ह्या गाण्यात? त्या दिवशी तुम्ही काही सांगणार होतात."

"छान."

"छान नको मला! काय चुकलं ते सांगा. सूर लागला होता का? श्वास कुठे घेतला मी? तुम्हाला कळलं होतं, मी बघितलं होतं तुमच्या तोंडावर, तुम्ही तिसऱ्या गाण्यात असं म्हणून थांबलात! आठवा ना! आठवा!"

मी ओरडत होते. शाळेत पाठ न केलेल्या पोरावर ओरडावं तशी, वाकून, बोट रोखून. ह्यांच्या हातातलं हिरवं लेबल बोटाला चिकटलं आणि ते झटकायला लागले, ते निघेना.

"छान नाही?" हे म्हणाले. "मग... वाईट?"

आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, काही मिळतंय का तिथे. मिळालं नसावं. घाईघाईने म्हणाले, "बरं आहे? थोडं बरं?" परत माझ्या चेहऱ्याकडे. मला तेव्हा कळलं की वर्षभर हे गाणं ऐकतच नव्हते. समोरचं माणूस काहीतरी विचारतंय, आणि आपल्याला उत्तर येत नाहीये, एवढंच ह्यांना कळत होतं. छान म्हटलं की माणसं हसतात आणि पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हे ह्यांनी शोधून काढलं होतं. आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ, एका मागून एक कॅसेट लावून, ह्यांना परीक्षेला बसवत होते.

"बाई," हे म्हणाले. बेचाळीस वर्षांत ह्यांनी मला बाई म्हटलं नव्हतं. "तुम्ही सांगा ना. काय म्हणायचं असतं? मी तेच म्हणतो."

मी खाली बसले, ह्यांच्या पायाशी, जमिनीवर. बोटाचं लेबल सोडवून घेतलं.

"छान म्हणायचं," मी म्हटलं.

"छान," हे म्हणाले, आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिले, बरोबर आलं का ते बघायला.